काचघरातली दुरुस्ती

सहलीच्या बसमध्ये सगळे त्यांना प्रोफेसर म्हणत, आणि ते कुणाला अडवत नसत. खरं तर ते कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. चौतीस वर्षं त्यांनी काचपट्ट्या धुतल्या, वाळलेली पानं जाड कागदावर चिकटवली, कपाटांच्या किल्ल्या सांभाळल्या. खऱ्या प्रोफेसरांची व्याख्यानं दाराशी उभं राहून ऐकली आणि त्यातली लांबलचक लॅटिन नावं पाठ केली. त्या चौतीस वर्षांत खऱ्या प्रोफेसरांनी त्यांना आवर्जून एकच प्रश्न विचारला, चहा अजून का आला नाही हा. माणूस निवृत्त झाल्यावर असल्या आठवणींचं काय करतो ते ज्याच्या त्याच्या स्वभावावर असतं. यांनी बागांमधल्या पाट्या तपासायला घेतल्या.

पण ही हकिगत त्यांची नाही, त्यांच्या बायकोची आहे. गल्लीत त्यांना शिवणबाई म्हणत, बसमध्ये वहिनी. आपण नुसतं बाई म्हणू.

बाई घरच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करत. खिडकीला लागून मशीन, डाव्या हाताला कापायचं टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले हाताचे, गळ्याचे कागदी नमुने. मापांची वही त्या इतक्या सुबक अक्षरात लिहीत की गिऱ्हाइकं ती नुसती चाळत बसत. कपडा हातात आला की त्यांची बोटं आधी शिवणीवर जात, डोळे नंतर. दुसऱ्याने शिवलेल्या कपड्यातली चूक त्यांना तीन हातांवरून दिसे, पण त्या बोलत नसत. गिऱ्हाईक तोडायचं नसेल तर तोंड शिवून ठेवावं लागतं, हे त्या धंद्यात लवकर शिकल्या. घरातही तेच धोरण चाललं.

सहल महिन्यातून एका रविवारी असे, सकाळी जायचं आणि दिवेलागणीला परत. सहलींची व्यवस्था पाहणारे गृहस्थ पोस्टातून निवृत्त झालेले होते. माणसं गोळा करायला ते शिट्टी वाजवत, म्हणून त्यांचं नावच शिट्टी पडलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या वयाच्या लोकांच्या सहलीला तीन गोष्टी लागतात, बाक, सावली आणि स्वच्छ संडास, आणि या तिन्ही एकत्र फक्त सरकारी बागेत मिळतात. म्हणून बस कायम बागेलाच जाई. गुलाबाची बाग, धरणाखालची बाग, औषधी झाडांची बाग, आणि वर्षातून दोनदा तीन तासांवरच्या गावातलं मोठं जुनं काचघर.

बाकीचे लोक फुलं बघत, फोटो काढत, डबे खात, एकमेकांच्या सुनांबद्दल बोलत. प्रोफेसर पाटीवरून पाटीवर जात. मागे दोन पावलांवर बाई. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत दोघांचे डबे, पाण्याची बाटली, छत्री, गुडघ्याला लावायचं मलम, भिंग आणि प्रोफेसरांची वही. “भिंग,” असं प्रोफेसर न वळता म्हणत आणि हात मागे करत. बाई भिंग देत. सुरुवातीच्या वर्षांत बाईंनी एकदोनदा म्हणून पाहिलं होतं, की अहो, जरा त्या पाण्याजवळ बसू या का. त्यावर प्रोफेसर म्हणाले होते, “बसायला घर आहे की.” मग त्यांनी म्हणणं सोडलं.

फोनवर लेक विचारायची, “आई, तू जातेसच कशाला मग? घरी बस, झोप काढ.” बाई म्हणायच्या, “त्यांना पिशवी उचलवत नाही.” हे खोटं होतं आणि ते लेकीलाही कळत होतं. खरं कारण बाईंनी कधी कुणाला सांगितलं नाही. त्यांना झाडं आवडायला लागली होती. नवरा पाटी वाचत असेपर्यंत त्या पाटीमागचं झाड पाहत. एखाद्या पानाची कड दुमडलेली का, काट्याची जागा कशी, खोडावर टाक्यांसारख्या खुणा कुठून कुठे गेल्यात. काही वर्षांत त्यांना इतकं दिसायला लागलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटे. पण सांगणार कुणाला?

एकदा सांगितलं होतं, आणि तिथूनच सगळं बिनसलं.

त्याला अकरा वर्षं झाली. त्या मोठ्या काचघरात एका कुंडीवर ‘सायकस’ अशी पाटी होती. शेजारच्या कुंडीवरही तीच. बाईंनी येताजाता दोन्ही झाडांची पाती बोटांत धरून पाहिली. एकाच्या पात्याला मधोमध शीर होती, इस्त्रीची घडी असावी तशी स्पष्ट. दुसऱ्याचं पातं सगळं सारखं, मधे काहीच नाही. त्यांनी नवऱ्याची बाही ओढली. “अहो, ही दोन वेगळी झाडं आहेत. याला मधली शीरच नाही.”

प्रोफेसर हसले. शेजारी उभ्या असलेल्या चारचौघांना ऐकू जाईल असे हसले. “ऐकलंत का, आमच्याकडे आता शिवणकामातून वनस्पतिशास्त्र निघायला लागलंय.” लोकही हसले. बाईंनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

पंधरा दिवसांनी प्रोफेसरांनी एक पत्र सांगायला घेतलं. पत्रं ते तोंडी सांगत आणि बाई लिहीत, कारण प्रोफेसरांचं अक्षर त्यांचं त्यांना लागत नसे. ‘माझ्या असे निदर्शनास आले आहे,’ अशी सुरुवात करून त्यांनी सांगितलं, की डावीकडील कुंडीतल्या झाडाच्या पात्याला मध्यशीर नसल्याने ते सायकस नसून झामिया असावे. बाईंचा हात ‘माझ्या’ या शब्दावर थबकला. त्यांनी मान वर करून पाहिलं. प्रोफेसर खिडकीबाहेर बघत पुढचं वाक्य जुळवत होते. बाईंनी लिहिलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. ‘आपल्या सूक्ष्म निरीक्षणाबद्दल उद्यान विभाग आपला आभारी आहे.’ पाटी बदलली. प्रोफेसरांनी ते पत्र चौकटीत बसवून पुढच्या खोलीत लावलं, शिवणाच्या मशीनच्या बरोबर समोर, कारण तिथे येणाऱ्या गिऱ्हाइकाची नजर पडते. गिऱ्हाइकाची पडायची तेव्हा पडो, बाईंची रोज पडायची. सुईत दोरा ओवायला मान वर केली की समोर सूक्ष्म निरीक्षण. अकरा वर्षं त्यांनी त्या चौकटीवरची धूळ पुसली. काय पुसतोय हे पुसताना दर वेळी त्यांना समजत होतं.

त्यांना दुसरं काही नको होतं. फक्त एकदा, कुणाच्याही समोर, नवऱ्याने म्हणावं की हे हिने पाहिलं. गल्लीतल्या गिऱ्हाइकासमोर चाललं असतं, लेकीसमोर चाललं असतं. इतक्या साध्या गोष्टीसाठी माणूस अकरा वर्षं थांबतो, हे ऐकणाऱ्याला हास्यास्पद वाटेल. ज्याचं गेलंय त्याला वाटत नाही.

मधल्या काळात प्रोफेसरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. “मला लख्ख दिसतं,” असं म्हणत प्रोफेसर दुधाच्या पातेल्याऐवजी शेजारी हात घालत. पाट्या मात्र सुटल्या नव्हत्या. आणि गेल्या हिवाळ्यात त्याच काचघराच्या कोरड्या दालनात, कठड्यापलीकडच्या बेचाळीस नंबरच्या झाडापाशी ते थांबले. पुरुषभर उंच, धारा असलेलं, काटेरी, पान नावाला नाही. पाटी होती ‘युफोर्बिया’.

“साफ चूक,” प्रोफेसर म्हणाले. “हा कॅक्टस आहे.”

येणाऱ्याजाणाऱ्याला दोन्ही निवडुंगच, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. बाईंनी मात्र पाहिलं. शेजारच्या खऱ्या कॅक्टसवर काटे जिथून निघतात तिथे कापसाची बारीकशी गादी होती, प्रत्येक झुबक्याखाली एक. बेचाळीस नंबरवर गादी नव्हती. जोडीजोडीचे काटे थेट धारेवरच्या कडक पट्टीतून निघाले होते. आणि खाली, जिथे धारेचा एक कोपरा कधीतरी मोडला होता, तिथे वाळलेला पांढरा ओघळ होता. चीक. कॅक्टसला असा दुधासारखा चीक नसतो, युफोर्बियाला असतो, हे खुद्द प्रोफेसरांनीच बसमध्ये दहादा सांगितलेलं होतं. ते दिसण्याइतके डोळे आता त्यांना नव्हते.

घरी आल्यावर त्यांनी पत्र सांगितलं. ‘माझ्या असे निदर्शनास आले आहे.’ या वेळी बाईंचा हात थबकला नाही. जसं सांगितलं तसं, स्वल्पविरामासकट, त्यांनी लिहिलं. पाकिटावर पत्ता लिहिला आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं. परत येताना त्यांना वाटलं की आपण काहीतरी चोरून आणलंय. पण परत फिरावं असं वाटलं नाही.

उत्तर आलं नाही. प्रोफेसरांनी स्मरणपत्र पाठवलं, मग दुसरं, मग तिसरं, प्रत्येक आधीच्यापेक्षा जास्त रागाचं. या चौथ्या पत्राला उत्तर आलं. काचघराला नव्या अधीक्षिका आल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं, की आपली सहल पुढच्या वेळी येईल तेव्हा झाड आपण एकत्रच पाहू, मला आनंद होईल.

बस, एवढंच. पण प्रोफेसरांनी ते शिट्टींना वाचून दाखवलं, आणि शिट्टींनी सगळ्या बसला कळवलं की काचघरात आपल्या प्रोफेसरांचा सत्कार आहे. लोकांनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि ते काही पहिल्यांदाच चढत नव्हते. कुणी पुष्पगुच्छ आणायचं ठरवलं. प्रोफेसरांनी कोट बाहेर काढला. बाईंनी त्याचं सैल झालेलं बटण लावून दिलं.

सहलीच्या आदल्या दिवशी दुपारी बाई काज करत बसल्या होत्या आणि प्रोफेसर आरशासमोर कोट घालून पाहत होते. त्या कोटात ते फारच वाळलेले दिसत होते. उद्या सगळ्यांसमोर या माणसाची शोभा होणार. सांगून टाकावं, असं त्यांना मनापासून वाटलं. सांगायला एक मिनिट लागलं असतं. पण मान वर केली तर समोर ती चौकट.

त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली आणि विचारलं, “अहो, त्या सायकसला मधली शीर नाही हे पहिल्यांदा कुणी पाहिलं होतं हो?”

त्यांनी स्वतःशी ठरवलं होतं, की ‘तू’ एवढं एक अक्षर आलं तर सगळं सांगायचं. अगदी ‘आपण’ म्हणाले तरी.

“कुणी म्हणजे? मी,” प्रोफेसर म्हणाले. “का? हा कोट पाठीत ओढतोय का गं?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “ठीक बसलाय.”

काचघर नेहमीसारखंच होतं. आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरायची, नळ्यांतून पाणी टपकायचं, ओल्या मातीचा वास नाकात बसायचा. कोरडं दालन शेवटी. अधीक्षिका तिशीच्या आतबाहेरची, पायांत चिखलाचे बूट, बोलायला मऊ. तिने प्रोफेसरांना नमस्कार केला, कठड्याचं दार उघडून आत घेतलं. तीसपस्तीस माणसं कठड्याला रेलून उभी राहिली. शिट्टींच्या हातात पुष्पगुच्छ होता.

“सर, तुमची चारही पत्रं मी वाचली,” ती म्हणाली. “तुम्ही कॅक्टस म्हणताय ते कशावरून?”

प्रोफेसरांनी घसा साफ केला आणि धारा, काटे, पानांचा अभाव असं सगळं सांगितलं. छान सांगितलं. चौतीस वर्षं दाराशी उभं राहून जे ऐकलं होतं ते आज मधोमध उभं राहून म्हणत होते. कुणीतरी टाळीही वाजवली.

“आपण चीक बघू या का?” अधीक्षिका म्हणाली. “कुणाकडे पिन आहे?”

शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पर्समध्ये पिन नसेल तर कुणाच्या असेल? सगळ्यांनी बाईंकडेच पाहिलं. बाईंनी पर्स उघडली. पिनांची डबी हाताला लागली आणि क्षणभर त्यांना वाटलं, नाही म्हणावं, आज विसरले म्हणावं. मग त्यांनी पिन काढून दिली.

अधीक्षिकेने हळूच टोचलं. पांढरा थेंब फुगला, धारेवरून ओघळला. त्याच्यामागे दुसरा. प्रोफेसरांना तो नीट दिसलाही नसेल, पण कठड्यावरचे लोक गप्प झाले ते त्यांना ऐकू आलं. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. शिट्टींनी पुष्पगुच्छ पाठीमागे धरला.

आता माणसाने मुकाट्याने म्हणावं, चुकलं माझं. पण पडलं तरी नाक वर. प्रोफेसर हसले, तेच ते चारचौघांना ऐकू जाणारं हसू. “अहो, मी उलटंच सांगितलं होतं,” ते म्हणाले. “पत्र आमच्या मंडळींनी लिहिलंय. लिहिताना घोळ झालेला दिसतो.”

चार पत्रं, आणि चारहींत घोळ. शिवाय आत्ता पाच मिनिटं स्वतःच्या तोंडाने कॅक्टस कॅक्टस करून झालेलं. तरी लोकांच्या माना बाईंकडे वळल्या. काहींच्या चेहऱ्यावर तर सुटका दिसली, बरं झालं, वहिनींची चूक निघाली.

“घोळ झाला नाही,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा आला. “त्यांनी सांगितलं तेच मी लिहिलं. चूक आहे हे मला लिहितानाच माहीत होतं. याच्या काट्यांखाली गादी नाही. आणि त्या मोडक्या कोपऱ्यावर चीक वाळलाय, तो गेल्या हिवाळ्यातही होता.”

अधीक्षिकेने वाकून कोपरा पाहिला. मग बाईंकडे पाहिलं. “अगदी बरोबर,” ती म्हणाली. “आमच्या माळ्यांनासुद्धा हे सांगावं लागतं.”

मग तिला बहुधा म्हाताऱ्याची दया आली. मुलगी चांगली होती, आणि चांगल्या माणसांच्या हातून कधीकधी फार वाईट होतं. ती प्रोफेसरांना म्हणाली, “पण सर, तुमची ती सायकसची जुनी दुरुस्ती फायलीत वाचली! मी शिकणाऱ्या मुलांना मुद्दाम ते झाड दाखवते. नुसत्या मध्यशिरेवरून झाड ओळखणं सोपं नाही.”

बाई कठड्याला धरून उभ्या होत्या. त्या नवऱ्याकडे बघत होत्या आणि तो त्यांच्याकडे बघत नव्हता. आता म्हण, त्यांच्या मनात आलं, आता म्हणालास तर हे सगळं मी विसरते, घोळासकट.

“निरीक्षण लागतं त्याला,” प्रोफेसर म्हणाले. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिट्टींनी पुष्पगुच्छ पुढे केला.

परतीच्या बसमध्ये दोघं नेहमीच्या सीटवर बसले. पुष्पगुच्छ प्रोफेसरांच्या मांडीवर. पुढे कुणीतरी गाण्याच्या भेंड्या सुरू केल्या, तसे प्रोफेसर खालच्या आवाजात म्हणाले, “माहीत होतं तर घरी सांगायचंस. चार लोकांत अब्रू घालवलीस.”

“घरी सांगितलं की ते तुमचं होतं,” बाई म्हणाल्या.

प्रोफेसर पुष्पगुच्छाचा कागद चुरचुरवत राहिले. खूप वेळाने, भेंड्यांचा गलका वाढला तेव्हा, त्यांनी तोंड बाईंच्या कानाजवळ आणलं. “सायकस तूच पाहिलं होतंस. मी विसरलेलो नाही.”

अकरा वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते हे. बाईंनी ते ऐकलं आणि त्यांना काहीच वाटलं नाही, म्हणून त्या स्वतःलाच घाबरल्या. “मग आत का नाही म्हणालात?” त्यांनी विचारलं.

“आत लोक होते,” प्रोफेसर म्हणाले.

ते खरंच बोलत होते. त्यात त्यांना काही विचित्र वाटत नव्हतं, हे बाईंना त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. राग यायला हवा होता, तो आला नाही. कापड विरलं की कितीही ताणलं तरी आवाज न करता फाटतं, तसं आत काहीतरी झालं.

शिट्टी वही घेऊन सीटसीटपाशी थांबत येत होते. “पुढच्या महिन्यात धरणाखालची बाग. तुमचे दोघे ना?”

“एक लिहा,” बाई म्हणाल्या.

शिट्टींनी पेन थांबवलं आणि आपुलकीने विचारलं, “का हो वहिनी, गुडघा का? मग प्रोफेसरांची पिशवी कोण घेणार?”

“मी येतेय,” बाई म्हणाल्या. “त्यांचं त्यांना विचारा.”

शिट्टींनी प्रोफेसरांकडे पाहिलं. प्रोफेसर पुष्पगुच्छाकडे बघत होते. पुढच्या सीटवरच्या आजींनी गाणं अर्ध्यात सोडून मागे वळून पाहिलं, म्हणजे ऐकायला आता लोक होते. प्रोफेसरांनी पुष्पगुच्छाचा कागद नीट केला. शिट्टींनी एक लिहिलं आणि ते पुढच्या सीटकडे गेले.